सूत्रधाराने किती बोलावे? : छापील साहसांची निवड आणि प्रयोग

मराठी समीक्षेने नाटकाच्या संहितेचा विचार भरपूर केला आहे, प्रयोगाचाही केला आहे. परंतु जी संहिता प्रेक्षकांसाठी लिहिलेलीच नसते, जिचा प्रयोग चार-पाच माणसे एका टेबलाभोवती बसून केवळ बोलून करतात आणि जिचा शेवट तिच्या लेखकालाही ठाऊक नसतो, अशा संहितेकडे तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्याच्या गोतावळ्यातील भूमिका-खेळांसाठी छापली जाणारी साहसे, ज्यांना खेळणारे 'मॉड्यूल' म्हणतात, ही अशा प्रकारची संहिता होय. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात मराठी शिकवणारे आम्ही काही अधिव्याख्याते गेली काही वर्षे हे खेळ विद्यार्थ्यांसमवेत मराठीतून खेळत आलो आहोत. त्यातून आमचे एक मत बनले आहे, ते येथे मांडावयाचे आहे. मॉड्यूल निवडताना त्याच्या कथानकाची थोरवी पाहू नये. त्यात कोणाकोणाला बोलता येते, ते पाहावे. आणि ते चालवताना सूत्रधाराने हीच एक गोष्ट जपावी.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. त्यात पट लागतोच असे नाही आणि सोंगट्याही अनिवार्य नसतात. प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची जबाबदारी घेतो आणि ते पात्र काय करते, काय बोलते, ते सांगतो. एक जण मात्र उरलेले सगळे जग होतो : वेशीवरचा पहारेकरी, गावातला व्यापारी, गुहेतला काळोख आणि त्या काळोखात दडलेले जे कोणी असेल ते. इंग्रजीत त्याला डंजन मास्टर म्हणतात. आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो. एखादी कृती साधेल की फसेल हे सांगता येत नसेल, तर वीस पैलूंचा फासा टाकून निर्णय लागतो. मॉड्यूल ही या सूत्रधाराच्या हातातली पुस्तिका. तीत नकाशा असतो, ठिकाणांची वर्णने असतात, तेथे राहणाऱ्यांची माहिती असते आणि मधूनमधून चौकटीत छापलेला, खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवण्याचा मजकूर असतो.

'सूत्रधार' हा शब्द आम्ही केवळ भाषांतराच्या सोयीसाठी वापरत नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्या परंपरेतला सूत्रधार पदे गाऊन आख्यान पुढे नेत असे आणि पदांच्या मधल्या जागेत पात्रे आपापली भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. लिहिलेली होती ती पदे. बोलणे त्या त्या रात्रीचे. दक्षिण कोकणातल्या दशावतारात आजही आख्यान ठरते, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद मात्र रंगमंचावरच जन्माला येतात. पुढे १८६१ साली वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि ज्यात प्रत्येक पात्राचे प्रत्येक वाक्य लेखकाने आधीच लिहून ठेवलेले असते, असे नाटक मराठीत रुजू लागले. त्या काळी अशा नाटकांना 'बुकिश' म्हणत. बुकिश नाटकाने मराठी रंगभूमीला जे दिले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्या वळणावर बोलण्याचा अधिकार नटाकडून लेखकाकडे गेला, ही गोष्ट नाट्येतिहास शिकवताना आपण घाईने ओलांडतो.

छापील साहसांचा इतिहास पाहिला, तर हीच ओढाताण तेथे दिसते. अर्नेसन यांच्या १९७५ सालच्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत 'टेंपल ऑफ द फ्रॉग' हे साहस छापले गेले. छापील साहसांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी ते एक. गायगॅक्स यांचे 'टूम ऑफ हॉरर्स' १९७८ साली स्वतंत्र पुस्तिका म्हणून आले, पण ते मुळात १९७५ च्या एका संमेलनातील स्पर्धेसाठी रचलेले होते. स्पर्धा म्हटली की सर्वांना प्रश्नपत्रिका एकच हवी. त्यामुळे त्या थडग्यात सापळे पुष्कळ आहेत आणि बोलण्यासारखे माणूस जवळपास नाही. खेळाडूने ओळखायचे आहे ते लेखकाच्या मनातले उत्तर. दुसऱ्या टोकाला माइक कार यांचे 'इन सर्च ऑफ द अननोन' (१९७८-७९). नवशिक्या सूत्रधारासाठी लिहिलेल्या या पुस्तिकेत अनेक खोल्यांच्या वर्णनाखाली राक्षस आणि खजिना यांच्या जागा कोऱ्याच सोडल्या आहेत. शेवटी दिलेल्या याद्यांतून निवडून सूत्रधाराने त्या भरायच्या. तिसरा प्रकार १९८४ पासून निघालेल्या 'ड्रॅगनलान्स' मालिकेचा. तिच्या जोडीला मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या कादंबऱ्या होत्या. महत्त्वाचे पात्र मेलेच, तर तो मृत्यू शक्यतो संदिग्ध ठेवावा, म्हणजे पुढच्या भागात त्याला परत आणता येईल, अशी सूचना त्या मालिकेत आहे. कथा आधीच ठरली आहे. खेळाडूंनी ती फक्त वठवायची. खेळणारे याला रुळांवरून नेणे म्हणतात. कर्जत लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको : गाडी वेगात असते, पण वळायचे कोठे हे डब्यातल्या कोणाच्याही हाती नसते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे वोल्फगांग इझर आठवेल. संहितेतल्या रिक्त जागा वाचकाला अर्थनिर्मितीत ओढून घेतात, हे त्याचे प्रतिपादन आपण अभ्यासक्रमात शिकवतो. परंतु कार यांच्या पुस्तिकेतली कोरी जागा आणि इझरची रिक्त जागा यांत फरक आहे. कोरी जागा ही अर्जातल्या रकान्यासारखी असते. ती सूत्रधार घरी बसून भरतो आणि खेळाडूंना तिचा पत्ताही लागत नाही. रिक्त जागा टेबलावर, सर्वांसमक्ष उघडी पडावी लागते. तिथे खेळाडू काहीतरी बोलतो आणि त्या बोलण्यामुळे पुढचे पान बदलते. म्हणूनच 'मॉड्यूलमध्ये मोकळीक किती?' एवढाच प्रश्न अपुरा आहे. मोकळीक कोणाला, हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आम्हांला एवढा निकडीचा का वाटतो, हे सांगायला हवे. आमच्या वर्गांतील बहुसंख्य मुलांनी कादंबरी वाचण्याआधी तिचे गाइड वाचलेले असते. शिक्षक टिपणे सांगतो, विद्यार्थी उतरवून घेतो, परीक्षेत तीच परत येतात. 'तुला काय वाटते?' असे विचारले की वर्गात शांतता पसरते, कारण आपल्याला काही वाटणे हा अभ्यासाचा भाग आहे, असे कोणी त्यांना सांगितलेलेच नसते. अशा मुलांसमोर सूत्रधार चौकटीतला मजकूर पानामागून पान वाचत सुटला, तर तीही वहीत उतरवून घेण्याच्या पवित्र्यात बसतात. मग हा खेळ गाइडाचीच आणखी एक आवृत्ती ठरतो, फक्त त्यात ड्रॅगन असतो. उलट, फाटकावरच्या पहारेकऱ्याने 'आत कशाला जायचंय?' असे विचारले आणि सूत्रधार खरोखर उत्तराची वाट पाहत थांबला, तर वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली मुलगी बोलते. हे आम्ही वारंवार पाहिले आहे. तिला बोलावेच लागते, कारण तिच्या पात्राच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नसते.

खेळाडूंना बोलता येणे ही झाली अर्धी गोष्ट. समोरच्याला बोलता येते का, ही उरलेली अर्धी. भावे यांच्या परंपरेतल्या नाटकांची पुढे 'अलल्डुर्र' म्हणून थट्टा झाली, ती राक्षसपार्टीच्या आरडाओरडीमुळे. अनेक नामांकित मॉड्यूलांतले शत्रू या अर्थाने 'अलल्डुर्र'च असतात. गायगॅक्स यांचेच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' घ्या. १९७९-८० च्या सुमारास आलेली ही पुस्तिका नवशिक्यांच्या संचात घातली गेल्यामुळे असंख्य खेळाडूंचा श्रीगणेशा तिच्यावरच झाला. सीमेवर एक गढी आहे; तटबंदीच्या आत सुसंस्कृत माणसे आणि बाहेरच्या घळीतल्या गुहांत ऑर्क, गॉब्लिन, कोबोल्ड यांच्या टोळ्या. त्या गुहांत पुरुषांसोबत बायका आणि पोरेही संख्येनिशी नोंदवली आहेत. त्यांचे काय करायचे? संकटाची नोंद म्हणून हा आकडा वाचता येतो, वस्तीची नोंद म्हणूनही वाचता येतो. टोळ्यांची आपसांत भांडणे आहेत आणि चतुर खेळाडू त्यांचा उपयोग करू शकतील, असे पुस्तिका सुचवते. म्हणजे बोलण्याचे बीज तिथे आहे. पण टोळीतल्या कोणाला काय हवे आहे, याविषयी ती जवळपास गप्प आहे.

आमच्या गावांत हे मॉड्यूल निरागसपणे वाचता येत नाही. उल्हासनगर हीच मुळात एक छावणी. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकींत १९४७ नंतर सिंधी निर्वासित आणून वसवले गेले, १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले आणि पत्त्यांतला 'कॅम्प नंबर' अजून गेलेला नाही. तटाच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, हा प्रश्न येथल्या कित्येक घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेला असतो. शिवाय आम्ही वर्गात लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' शिकवतो. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याचा पायंडा पाडला आणि १९५२ साली त्या विमुक्त झाल्या तरी शिक्का पुसला गेला नाही, हे सोमवारी सांगायचे आणि रविवारी 'हे गॉब्लिन आहेत, म्हणजे दुष्टच' असे म्हणून फासे टाकायचे, यांत विसंगती आहे. ती विद्यार्थ्यांच्या ध्यानात आपल्याआधी येते. २०२० साली या खेळाच्या प्रकाशकांनीही ऑर्क आणि ड्राव यांना जन्मजात दुष्ट म्हणून रंगवण्याची जुनी पद्धत सोडत असल्याचे जाहीर केले. आम्हांला मात्र जाहीरनाम्यापेक्षा संहितेत काय उरते, ते महत्त्वाचे वाटते.

याच कारणासाठी नव्याने आरंभ करणाऱ्यांना आम्ही 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' (२०१४) सुचवतो. वरकरणी त्याचा आरंभ अगदी ठरावीक आहे : मालाने भरलेली गाडी, वाटेत मरून पडलेले घोडे आणि झाडीतून हल्ला करणारे गॉब्लिन. पण त्यांचा माग काढत गुहेत शिरल्यावर यीमिक नावाचा एक गॉब्लिन भेटतो. त्याच्या ताब्यात एक ओलीस आहे आणि त्याला लढायचे नाही. त्याला सौदा करायचा आहे. त्याचा म्होरक्या क्लार्ग याला तुम्ही मारा, मग ओलीस सोडतो, असे तो म्हणतो. तो खोटारडा आहे, महत्त्वाकांक्षी आहे. पण त्याला काहीतरी हवे आहे आणि ते तो बोलून दाखवतो. पहिल्याच दोन-तीन तासांत खेळाडूंसमोर शस्त्राखेरीज दुसरा मार्ग खुला होतो. कथानक म्हणून या मॉड्यूलमध्ये अपूर्व असे काही नाही. तरीही एका गॉब्लिनला भाषण दिल्यामुळे ते अनेक भव्य मालिकांहून सरस ठरते. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचे 'रेव्हनलॉफ्ट' (१९८३) हेही याच दृष्टीने वाचावे. त्यात भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडते, त्यावरून महत्त्वाच्या वस्तू कोठे आहेत हे ठरते, आणि खलनायकाचा हेतूही. म्हणजे खलनायकाला हेतू आहे, आणि तो दर प्रयोगात पुन्हा शोधावा लागतो.

आता भाषेचा प्रश्न. ही पुस्तके इंग्रजीत असतात आणि आमचे टेबल मराठीत चालते. तेही एका मराठीत नाही. त्यावर आगरी बोली असते, सिंधी घरातली मराठी असते, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची मराठी असते आणि अडले की हिंदी असतेच. इंग्रजीतल्या पहारेकऱ्याला समोरच्यासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीतल्या पहारेकऱ्याला तोंड उघडताक्षणी ठरवावे लागते : 'कोण आहे रे तिकडं?' की 'कोण आपण?' या एका निवडीत त्याने समोरच्यांचे कपडे, वय, जात, पैसा सगळे जोखलेले असते आणि खेळाडूही त्याच पट्टीत उत्तर देतात. फँडालिन गावातल्या 'इन'ला काय म्हणावे? धर्मशाळा म्हटले तर तिथे दारू मिळत नाही. गुत्ता म्हटले तर तिथे कुटुंबवत्सल माणूस उतरत नाही. खानावळ म्हटले तर मुक्कामाची सोय राहत नाही. लोहार म्हटले की धंद्यासोबत गावगाडा येतो. गावाचा कारभार पाहणारा भित्रा, बढाईखोर सावकार पुस्तकात आहे. आम्ही त्याला पाटील म्हणण्याच्या बेतात होतो, तेव्हा एका विद्यार्थ्याने 'मुखी' हा सिंधी पंचायतीतला शब्द सुचवला आणि ते पात्र क्षणात ओळखीचे झाले. भाषांतराच्या तासाला जी चर्चा ओढूनताणून करावी लागते, ती येथे खेळ अडू नये म्हणून आपोआप होते. ज्या मॉड्यूलमधली माणसे अशा रीतीने मराठीत बोलू लागत नाहीत, केवळ 'अज्ञात शक्तीं'विषयी उद्गार काढतात, ते कितीही गाजलेले असो, आमच्या टेबलावर ते निर्जीव होते.

चालवण्याविषयी आमची पद्धत थोडक्यात सांगतो. पुस्तिका दोनदा वाचावी : एकदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा माणसांची यादी म्हणून. प्रत्येक माणसापुढे एकाच वाक्यात लिहावे की त्याला काय हवे आहे आणि ते न मिळाल्यास तो काय करील. हे एक पान तयार झाले की चौकटींतला मजकूर बाजूला ठेवता येतो. तो स्वतःच्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत सांगावा आणि थांबावे. खेळाडू चार किंवा पाच असावेत. आठ झाले की तिघेच बोलतात. पहिल्या पंधरा मिनिटांत कोणता तरी निर्णय त्यांच्यावर येऊन पडावा. फासा तेव्हाच टाकावा, जेव्हा यश आणि अपयश या दोहोंतून पुढे काहीतरी घडणार असेल. समजूत पटवणारे चांगले भाषण झाले असताना केवळ नियमाखातर ते फाशावर टांगू नये. खेळाडूंनी लेखकाची वाट सोडली, तर त्यांना परत ओढू नये. क्लार्गला मारण्याऐवजी त्यांनी त्याच्याकडेच चाकरी धरली, तर यीमिक काय करील? उत्तर पुस्तिकेत नाही. पण तुमच्या एका पानात आहे. कथानक मोडल्याचे दुःख सूत्रधाराने करू नये.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की मग छापील मॉड्यूल हवेच कशाला, सूत्रधाराने स्वतःच रचावे. ज्यांना साधते त्यांनी जरूर रचावे. परंतु शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र खेळतात तेव्हा शिक्षकाने रचलेल्या जगात शिक्षकाचाच शब्द अखेरचा ठरतो. छापील संहिता ही दोघांच्या मधली तिसरी गोष्ट असते. तिच्यावर दोघांनाही टीका करता येते. खेळ संपल्यावर विद्यार्थी ती मागून घेऊन वाचतो आणि 'सर, इथे तर वेगळंच लिहिलंय' असे सांगतो. संहिता आणि प्रयोग यांतले अंतर समजून घेण्याचा याहून चांगला पाठ आम्हांला माहीत नाही.

दुसरा आक्षेप परकेपणाचा. बौने, एल्फ आणि ड्रॅगन आपल्या मुलांनी का खेळावेत? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. २०२२ सालच्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या तेरा साहसांच्या संग्रहात मिमी मंडल या भारतीय लेखिकेचे 'इन द मिस्ट्स ऑफ मनिवर्षा' आहे. त्यातली नद्यांची भूमी बंगालवरून सुचलेली आहे. दार उघडले आहे, एवढे त्यावरून कळते. शिवाय २०२३ च्या जानेवारीत या खेळाचा मूलभूत नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, त्यामुळे ते नियम मराठीत आणण्यास कायद्याची आडकाठी उरलेली नाही. मॉड्यूलांच्या कथांना ती मोकळीक नाही. मराठीत स्वतंत्र साहसे लिहिली जावीत, असे आम्हांलाही वाटते. अंबरनाथचे शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे शिवमंदिर पाहा : मंडपातून पायऱ्या उतरत गर्भगृहात जावे लागते. कोणालाही वाटेल, हा तर आयताच नकाशा. पण ते जागते देवस्थान आहे, महाशिवरात्रीला तेथे जत्रा भरते, बाजूने वालधुनी वाहते. तिथे फक्त सापळे आणि खजिना मांडणारे साहस मराठीत लिहिले गेले, तरी ते 'टूम ऑफ हॉरर्स'इतकेच परके ठरेल. पुजारी, जत्रेतला खेळणीवाला, नदीकाठी राहणारी बाई यांना काय हवे आहे, हे ज्यात लिहिलेले असेल, ते आपले.

तेव्हा मराठी विभागांतील आमच्या सहकाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. एखादे मॉड्यूल हाती आले, तर पेन्सिल घेऊन बसावे. ज्या पानावर खेळाडूला बोलण्याची गरज पडते तेथे एक खूण करावी; ज्या पानावर विरोधकाला बोलता येते तेथे दुसरी. दोन्ही खुणा पुरेशा असतील तर ते चालवावे, मग त्याचे कथानक कितीही साधे असो. दुसरी खूण कोठेच नसेल, तर ते परत ठेवावे, किंवा रात्री जागून त्यातल्या प्रत्येक राक्षसासाठी निदान एक वाक्य लिहावे. आपल्या रंगभूमीवर राक्षस 'अलल्डुर्र' करत आला, त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. त्याला काय म्हणायचे होते, हे विचारायला आता हरकत नसावी.